आधी प्रश्न तपासा, मग उत्तर

शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्याचा निकाल लागला की दोन वाक्यं ठरलेली. आरोपी सुटला तर ‘एवढंसं लेकरू खोटं कशाला बोलेल?’ आणि शिक्षा झाली तर ‘पढवून उभं केलं असणार.’ दोन्ही वाक्यांच्या पोटात समजूत एकच: मुलाच्या डोक्यात घटनेची चित्रफीत असते, आणि मूल ती एक तर जशीच्या तशी दाखवतं, नाही तर मुद्दाम बदलून दाखवतं. अशी चित्रफीत कोणाच्याच डोक्यात नसते. मोठ्यांच्याही नाही.

कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात ही समजूत फार महाग पडली. १९८३ मध्ये एका आईने तक्रार केली. पोलिसांनी सुमारे २०० पालकांना पत्रं धाडली. पत्रात संशयिताचं नाव होतं, कोणकोणते प्रकार झाले असू शकतात हेही लिहिलेलं होतं, आणि ‘आपल्या मुलाला विचारा’ अशी विनंती. पुढे एका संस्थेत सुमारे ४०० मुलांच्या मुलाखती झाल्या. मुलांच्या हातात बाहुल्या दिल्या गेल्या, ‘बाकीच्यांनी सांगितलं, तूही हुशार आहेस ना?’ या धर्तीवर विचारलं गेलं, हवं ते उत्तर आलं की शाबासकी. हळूहळू मुलं शाळेखालच्या भुयारांबद्दल सांगू लागली. १९९० मध्ये प्रकरण संपलं तेव्हा खर्च सुमारे दीड कोटी डॉलर झाला होता आणि दोषसिद्धी एकही नव्हती. ‘म्हणजे सगळं खोटंच होतं’ असा निष्कर्ष इथे पटकन काढला जातो. तो घाईचा आहे. कोणत्याही मुलाच्या बाबतीत काही घडलं होतं का, हे ठरवायचा मार्गच त्या मुलाखतींनी बुजवून टाकला.

याच मुलाखतींतली तंत्रं घेऊन सेना गार्वेन, जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या वर्गात एक पाहुणा येतो, गोष्ट सांगतो, जातो. आठवड्याने त्याच्याबद्दल विचारायचं. एका गटाला नुसते सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर आतच भरलेले: ‘त्याने पुस्तक फाडलं का?’ दुसऱ्या गटाला तेच प्रश्न, पण सोबत ‘बाकीची मुलं हो म्हणाली’ आणि ‘हो’ म्हटलं की कौतुक. पहिल्या गटात न घडलेल्या गोष्टींना सुमारे १७ टक्के वेळा होकार आला, दुसऱ्यात ५८ टक्के. मुलाखत जेमतेम पाच मिनिटांची. २००० च्या पुढच्या प्रयोगात तर ‘हेलिकॉप्टरमधून नेलं’ यासारख्या अचाट गोष्टींनाही, नुसत्या शाबासकीच्या जोरावर, ५२ टक्के होकार मिळाले. शाबासकी नसलेल्या गटात ५ टक्के. पुन्हा मुलाखत घेतली, शाबासकी बंद केली, तरी मुलं त्याच उत्तरावर राहिली.

असं का होतं? आठवण साठवताना मेंदू ‘काय’ घडलं ते ठेवतो आणि ‘हे मला कुठून कळलं’ हेही ठेवतो. पण दोन्ही सारख्या पक्केपणाने नाही. पाहिलेलं, ऐकलेलं, कल्पलेलं आणि स्वप्नात आलेलं यांच्यावर वेगळी लेबलं चिकटवलेली नसतात. आठवण काढताना मेंदू तिच्या पोतावरून उगमाचा अंदाज बांधतो: रंग, वास, स्पर्श यांचे तपशील भरपूर असतील तर ‘हे मी अनुभवलं’, आणि विचार करण्याच्या श्रमाची खूण असेल तर ‘ही कल्पना’. ही छाननी मुख्यतः कपाळामागच्या अग्रखंडाकडे असते आणि मेंदूचा हा भाग सर्वांत उशिरा, विशीनंतर परिपक्व होतो. आता एखादा सूचक प्रश्न चार वेळा विचारा. दर वेळी मूल ते दृश्य डोळ्यांसमोर आणतं, दर वेळी त्याला थोडा रंग, थोडा तपशील चिकटतो, श्रमाची खूण पुसट होते. पाचव्यांदा ती कल्पना पोताने अनुभवासारखीच लागते. मूल खोटं बोलत नसतं. लेबल बदललेलं असतं.

शाळकरी मुलांत आणखी एक भर पडते. वर्गात बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, याचा अर्थ पहिलं उत्तर चुकलं. हा नियम मूल पोलीस ठाण्यातही नेतं, कोर्टातही नेतं. १९८० च्या एका प्रसिद्ध अभ्यासात ५ आणि ७ वर्षांच्या मुलांना ‘दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का?’ असं विचारलं होतं. बहुतेकांनी ‘प्रश्नच कळला नाही’ न म्हणता उत्तर दिलं. मोठ्या माणसाने विचारलंय म्हणजे उत्तर असणारच! हातावर अंगारा ठेवून ‘देवाची शपथ, खरं सांग’ म्हणणारे घरचे लोक सत्य बाहेर काढत नाहीत, हाच दबाव दुप्पट करतात.

आता दुसरी बाजू, जी चर्चेत सहसा येतच नाही. उत्तर न सुचवता, मोकळा प्रश्न विचारला तर चार वर्षांचं मूलसुद्धा जे सांगतं ते बहुतांशी अचूक असतं. फक्त थोडं सांगतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी बसवलेली मुलाखतीची पद्धत यावरच उभी आहे. आधी नियम: ‘माझ्या कुत्र्याचं नाव काय?’ मूल ‘माहीत नाही’ म्हणालं की, ‘बरोबर, माहीत नसेल तर असंच सांगायचं.’ मग सराव म्हणून वाढदिवस किंवा सण सुरुवातीपासून सांगायला लावायचा. त्यानंतर विषय: ‘तू इथे कशासाठी आलीस ते सांग.’ पुढे फक्त ‘मग काय झालं?’ आणि तिचेच शब्द घेऊन, ‘तू म्हणालीस दादा आत आला. तो आत आल्यापासून सगळं सांग.’ हो-नाहीचे प्रश्न शेवटी, तेही नाइलाज झाला तरच.

अत्याचार एकदाच झालेला नसेल तेव्हा गुंता वाढतो. एकसारख्या घटना मेंदू एका साच्यात घालतो. रोजच्या डब्याचं बघा: डबा खाल्ला हे पक्कं, पण मागच्या मंगळवारी भाजी कोणती होती? मुलीला घटनेचा गाभा आठवतो, पण जिना सोमवारचा आणि फ्रॉक गुरुवारचा, अशी सरमिसळ होते. उलटतपासात याला ‘विसंगती’ म्हणतात. ‘किती वेळा?’ हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला विचारण्यात तर काहीच अर्थ नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याला यातलं बरंच उमगलेलं दिसतं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा. शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करायचं. वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत. साक्ष विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत. ही शेवटची मुदत बऱ्याचदा पाळली जात नाही. आणि मुद्रण नसेल तर कागदावर फक्त उत्तर उरतं, प्रश्न हरवतो. जबाबात ‘त्याने मला तिथे हात लावला’ एवढंच लिहिलेलं असेल, तर मुलगी ते आपणहून बोलली की ‘हात लावला ना?’ला तिने मान हलवली, हे न्यायाधीशाने कशावरून ठरवायचं?

मग लोक म्हणतात, वैद्यकीय तपासणी आहे की. ‘इजा नाही’ हा शेरा निर्दोषत्वाचा दाखला नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ गर्भवती किशोरींपैकी फक्त दोघींच्या तपासणीत संबंधाची निश्चित शारीरिक खूण सापडली होती. गर्भवती! लहान मुलांवरचे बरेचसे अत्याचार तर खूण सोडणारे नसतातच. योनीत बोटं घालून आधी संबंध आले होते का ते ठरवणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाकारली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावून सांगितलं. ब्रेन मॅपिंगची, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजून आठवण ओळखण्याची, जादूही तशीच. २०१० मध्ये न्यायालयाने ती संमतीशिवाय करायला मनाई केली. आणि अनुभवलेली आठवण कोणती, ऐकलेली कोणती, हे जे मेंदूलाच धड कळत नाही ते त्याच्या लहरींवरून वाचून दाखवण्याचा दावा मुळातच फुगवलेला आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या बातमीनंतर पालक आपापल्या मुलांना खोदून विचारू लागले असतील तर ते स्वाभाविकच होतं. पण मूल आपणहून काही बोललं, तर ‘कोणी? काकांनी का? कुठे, इथे?’ असं विचारू नये. ‘बरं, मग?’ एवढंच. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, तुमच्या प्रश्नासकट, वेळ घालून लगेच लिहून ठेवावेत. मोबाइलवर चित्रीकरणासाठी पुन्हा वदवून घेऊ नये, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. आंघोळ घालायची नाही. कपडे धुवायचे नाहीत, विशेषतः चड्डी: लहान मुलांच्या अंगावरचा जैविक पुरावा काही तासांतच विरळ होत जातो, कपड्यांवर आणि चादरीवर तो टिकतो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. मग १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी किंवा पोलीस. रुग्णालयाला पहिले उपचार मोफत द्यावेच लागतात, गुन्हा नोंदवलेला असो वा नसो.