फ्रिज मॅग्नेट

फ्रिजच्या पत्र्याच्या दाराला चिकटणारा छोटा लोहचुंबक. गोव्यात म्हापशाच्या बाजारात, कळंगुटच्या दुकानांत माड, मासे, चर्च असे आकार ढिगानं मिळतात. वरचं रेझिन किंवा लाकूड नुसतं शोभेला, खरं काम करते ती मागची काळी चकती नाहीतर रबरासारखी वाकणारी पट्टी.

चकती फेराईटची, म्हणजे लोखंडाचं ऑक्साईड आणि स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम एकत्र भाजून केलेलं सिरॅमिक, आणि पट्टीत तीच पूड रबर-प्लास्टिकात मळलेली असते. गोव्यातल्या डिचोली-सांग्याच्या खाणींतलं खनिज मुख्यतः हेमटाईट, तेही लोखंडाचं ऑक्साईडच, पण त्याचा खडा चुंबकाकडे जवळपास ओढलाच जात नाही, आणि त्यातच स्ट्रॉन्शियम मिसळून भाजलं की स्फटिकाची रचना बदलते आणि कायमचा चुंबक करता येतो, हे मला फार भारी वाटतं. आधीच ऑक्साईड असल्यामुळे आपल्या खाऱ्या दमट हवेत फेराईट गंजत नाही, गंजतो फ्रिजचा पत्रा.

वाकणाऱ्या पट्टीत उत्तर-दक्षिण ध्रुव एकाआड एक असे काही मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत भरलेले असतात. चुंबकत्व जवळपास सगळं मागच्या बाजूला, चित्राची बाजू दाराला लावली तर नीट चिकटत नाही. अशा दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून घासल्या तर एका दिशेनं टकटक उड्या मारतात आणि दुसऱ्या दिशेनं सरळ घसरतात, घरी करून बघाच! ध्रुव इतके जवळजवळ असल्यानं ओढ पत्र्याला टेकल्यावर चांगली पण जरा लांब गेलं की संपली, म्हणून एखादं बिल धरून ठेवेल, जाड लग्नपत्रिका खाली घसरते. चुंबक दाराकडे ओढतो, वर नाही, वजन तोलून धरतं ते घर्षण.

काचेच्या दाराला सहसा चिकटत नाही, स्टेनलेस स्टीलचं प्रकारावर आहे, ३०४ नंबरच्या स्टीलला नाही, ४३० नंबरच्याला चिकटतं.

दाराच्या कडेच्या रबरातही अशीच चुंबकाची पट्टी असते. पूर्वी फ्रिजला बाहेरून कडी असायची, टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळताना मुलं अडकून गुदमरून गेली, म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये दार आतून उघडता आलंच पाहिजे असा कायदा झाला आणि कडीच्या जागी चुंबकाचं रबर आलं, जे लहान मूलही आतून ढकलून उघडू शकतं.