समर असोसिएट

अमेरिकेतील मोठ्या वकिली फर्म कायद्याच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत साधारण दहा आठवडे पगारी कामावर घेतात. त्या पदाला समर असोसिएट म्हणतात. नाव हंगामी असले तरी अशा फर्ममधील पदवीनंतरच्या बहुतेक नेमणुका याच वाटेने होतात.

जे. डी. ही तेथील कायद्याची पदवी तीन वर्षांची असल्यामुळे विद्यार्थ्याच्या हाती दोनच उन्हाळे येतात. पहिला बहुधा न्यायाधीशांच्या कार्यालयात, सरकारी वकिलांकडे किंवा लोकहिताच्या संस्थेत, अनेकदा बिनपगारी वा विद्यापीठाच्या तुटपुंज्या अनुदानावर जातो. दुसरा फर्मचा.

त्यासाठीच्या मुलाखती दीर्घकाळ दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर, ऑगस्टच्या सुमारास, महाविद्यालयातच होत असत. वीसेक मिनिटांची ही भेट जमली की फर्मच्या कार्यालयात ‘कॉलबॅक’ होई : एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये जात चार-पाच वकिलांशी बोलायचे आणि मग कनिष्ठ वकिलांबरोबर जेवायचे. जेवताना उमेदवार कसा वागतो-बोलतो हेही पाहिले जाते, पण तसे कोणी बोलून दाखवत नाही.

विद्यार्थ्यांना इतरांआधी गाठण्याच्या फर्मच्या घाईला लगाम घालण्याचे काम १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन फॉर लॉ प्लेसमेंट’ ही संस्था करी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी फर्मनी १ डिसेंबरपूर्वी संपर्क साधू नये, असा तिचा दंडक होता. वेळापत्रकाविषयीचे हे दंडक २०१८ मध्ये मागे घेण्यात आले. २०२० च्या महासाथीत अनेक महाविद्यालयांनी मुलाखती पुढे ढकलल्या खऱ्या, पण त्यानंतर ओघ उलट दिशेला लागला आणि बऱ्याच फर्म महाविद्यालयाला वगळून पहिल्या वर्षाच्या वसंतातच थेट अर्ज मागवू लागल्या. पहिल्या वर्षाचे गुण बहुतांशी प्रत्येक विषयाच्या एकाच अंतिम परीक्षेवर आणि वर्गमित्रांशी होणाऱ्या तुलनेवर ठरतात. अशा एका सत्राच्या गुणांवर एवढा मोठा निर्णय सोपवणे ही या पद्धतीतील सर्वांत कच्ची बाजू म्हणावी लागेल.

प्रत्यक्ष काम म्हणजे मुख्यतः एखाद्या कायदेशीर मुद्द्यावरचे निवाडे शोधून टिपण लिहिणे. पगार नवख्या वकिलाच्या वार्षिक पगाराच्या प्रमाणात मिळतो. २०२३ च्या अखेरीस अनेक मोठ्या फर्मनी तो पगार २,२५,००० डॉलरवर नेला. त्या हिशेबाने आठवड्याला सुमारे ४,३०० डॉलर पडतात. लोकहिताच्या कामातील सुरुवातीचे पगार याच्या आसपासही नसतात, आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता दोघांनाही भरावा लागतो.

उन्हाळा संपताना बहुतेकांना कायम नोकरीची ऑफर मिळते, मात्र ती हक्काची नसते. २००९ च्या मंदीत ऑफर रोडावल्या आणि ऑफर मिळालेल्या अनेकांचे रुजू होणेही लांबले. ऑफर न मिळालेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी दुसरीकडे अर्ज करतो, तेव्हा उन्हाळा जिथे काढला तिथून ऑफर आली होती का, हे त्याला हमखास विचारले जाते.