व्हायोला: दबक्या आवाजासाठी जागा

व्हायोला हे व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं वाद्य. त्याच्या दबक्या आवाजाचं कारण त्याच्या मापात आहे. त्याच्या तारा व्हायोलिनपेक्षा सा ते प एवढ्या अंतराने खाली लावतात. त्या खर्जाला साजेसा घुमारा हवा, तर त्याची पेटी ५३ सेंटिमीटरच्या आसपास हवी. पण ती हनुवटीखाली धरणार कोण? म्हणून ३८ ते ४३ सेंटिमीटरवर भागवलं गेलं. त्या तडजोडीतून आला तो किंचित घोगरा, नाकातला, आत वळलेला सूर. मोठ्या वाद्यवृंदात तो सहज बुडतो. मोझार्टने १७७९मध्ये व्हायोलिनच्या जोडीला व्हायोला बसवला, तेव्हा त्याच्या तारा अर्ध्या सुराने चढवून घ्यायला सांगितल्या. आवाज उजळ व्हावा म्हणून.

खरा पेच १८३४मध्ये पडला. विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीकडे नामवंत वाद्यकारागीर स्त्रादिवारीने घडवलेला व्हायोला होता आणि त्याला तो गाजवायचा होता. त्याने फ्रेंच संगीतकार बर्लिओझला रचना मागितली. पहिल्या भागात स्वतःच्या वाट्याला आलेले विराम पाहून मात्र तो नाराज झाला. त्याला अखंड वाजवायचं होतं. बर्लिओझने मग स्वतःच्या मनासारखी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) लिहिली, ‘हॅरल्ड इन इटली’. तिच्यात व्हायोला मिरवत नाही. तो भटक्या माणसासारखा बाजूने सगळं पाहत फिरतो, आणि शेवटच्या भागात तर बहुतेक वेळ गप्पच असतो. माझ्या मते या वाद्याचा स्वभाव इतका नेमका त्याआधी कुणी ओळखला नव्हता. पागानिनीने ती ऐकली डिसेंबर १८३८मध्ये. तोवर घशाच्या आजाराने त्याचा आवाज गेला होता. तो बर्लिओझपुढे गुडघे टेकून बसला आणि पुढे त्याला २०,००० फ्रँक पाठवले.

विसाव्या शतकात लंडनच्या लायनेल टर्टिसने व्हायोलाला एकलवाद्याचा मान मिळवून दिला. पण इंग्लिश संगीतकार वॉल्टनचा व्हायोला कॉन्चेर्टो (एकलवाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) हाती आला, तेव्हा फार आधुनिक वाटला म्हणून त्यानेच तो परत पाठवला! (पुढे पस्तावला, आणि वाजवलाही.) ३ ऑक्टोबर १९२९ला तो पहिल्यांदा वाजवला हिंडेमिथने, जो स्वतः संगीतकारही होता. १९६१मध्ये वॉल्टनने त्यातली फुंकवाद्यं कमी केली, हार्प घातली.

हंगेरियन संगीतकार बार्टोकलाही आपल्या व्हायोला कॉन्चेर्टोत वाद्यवृंदाची अशी विरळ वीण हवी होती. वाद्यवृंद व्हायोलिन कॉन्चेर्टोपेक्षा पारदर्शक ठेवणार असल्याचं त्याने सप्टेंबर १९४५मध्ये व्हायोलावादक विल्यम प्रिमरोझला कळवलं. त्याच महिन्यात तो गेला. मागे राहिलेल्या कच्च्या टिपणांवरून संगीतकार टिबोर शेर्लीने वाद्यवृंद उभा केला, आणि १९४९मध्ये प्रिमरोझने मिनिआपोलिसला तो कॉन्चेर्टो वाजवला.