आधी माप, मग ओवा

विदर्भातल्या आर्वीकडच्या आमच्या मामांच्या घरी संडास सांदवाडीत आहे. बाजेपासून तिथपर्यंत पंचवीस-तीस पावलं, मध्ये दोन पायऱ्या, हौदाजवळची शेवाळलेली फरशी आणि पावसाळ्यात विंचू. मामांचं वय ७२. गेल्या दिवाळीत मी तिथे राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच रात्री मागच्या दाराची कडी तीनदा वाजलेली ऐकली. सकाळी विचारलं तर म्हणाले, "वर्षभरापासून असंच चालू हाये बाप्पा. लघ्वीले उठलो का झोप मोडते. डोळा लागते न लागते तं पुन्हा उठा लागते."

मामींचे उपाय आधीच सुरू होते. ओवा-गूळ झाला, तीळ-गूळ झाला, भिजवलेली मेथी झाली, डाळिंबाच्या सालीची पूड झाली. शेजारच्या कोणी सराट्याचा काढा सांगितला, तोही आठवडाभर झोपताना घेतला. त्या आठवड्यात मामा रात्री पाचदा उठले. उठणारच. सराटा म्हणजे गोखरू, आणि गोखरू आपल्याकडे पूर्वापार देतात तो लघवी मोकळी व्हावी म्हणून. त्यात झोपायच्या आधी पेलाभर पाणी पोटात गेलं ते वेगळंच.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो एवढाच: लघवी किती होते, हे कोणी मोजलंय का? कोणीच मोजलं नव्हतं.

मग पाण्याची लिटरची रिकामी बाटली घेतली, गळ्याखाली कापली, कड हाताला लागू नये म्हणून चिकटपट्टी लावली. खुणांसाठी नातवाची दुधाची बाटली कामी आली. तिच्यावर मिलिलिटरचे आकडे असतातच. तिने पन्नास-पन्नास मिलि पाणी ओतत गेलो आणि बाहेरून मार्करने रेघा मारल्या. नातवाच्या बाटलीने फक्त पाणीच मोजणार आहे, हे मामींना दोनदा सांगावं लागलं. कॅलेंडरच्या पाठीमागे तीन रकाने आखले: वेळ, माप, आणि त्याआधी काय प्यायलं. असं तीन दिवस लिहायचं. मोठ्या दवाखान्यातले मूत्ररोगतज्ज्ञही सुरुवातीला हेच करायला सांगतात. फक्त त्यांच्याकडे छापील तक्ता असतो.

मोजताना एक मेख आहे. झोपायच्या आधीची लघवी दिवसाच्या हिशेबात धरायची आणि सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीच्या, कारण ती रात्रभरात साठलेली असते. मामांच्या दुसऱ्या दिवसाचा हिशेब असा निघाला: रात्री पावणेबाराला ३००, दीडला २८०, तीनला २५०, पहाटे उठल्यावर ३२०. एकूण ११५० मिलि. दिवसभरात सगळी मिळून ८५०. म्हणजे चोवीस तासांतल्या २ लिटरपैकी निम्म्याहून जास्त रात्रीच. पासष्टीपुढच्या माणसात रात्रीचा वाटा साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त झाला, की मूत्रपिंडं रात्री जास्तीचं काम करताहेत असं समजतात.

या आकड्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एका वेळी ३०० मिलि म्हणजे पिशवी नीट भरते आहे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ३०० ते ५०० मिलि मावतं. मामींचे सगळे उपाय "पिशवी कमजोर झाली" असं धरून चालले होते, आणि पिशवी तर ठणठणीत होती. पाणीच जास्त येत होतं.

ते रात्रीच का येतं, ही गोष्ट जरा मजेशीर आहे. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. किती पाणी परत घ्यायचं हे ठरवण्यात व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा मोठा हात असतो. ते मेंदूत तयार होतं. तरुणपणी रात्री ते वाढतं, म्हणून लघवी थोडी आणि घट्ट होते आणि माणूस सलग सात तास झोपतो. वय वाढलं की रात्रीची ही वाढ मंदावते. म्हणूनच सत्तरीत रात्री एकदा उठावं लागणं हा काही आजार मानत नाहीत.

मामांच्या बाबतीत मात्र पायांनी चुगली केली. संध्याकाळी ते ओट्यावर पाय सोडून बसले होते. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबलं आणि अंगठा काढला, तर तिथे खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. चपलेच्या पट्ट्याचीही खूण उमटलेली होती. दिवसभर उभं राहून किंवा पाय लोंबते ठेवून बसून रक्तातलं पाणी पायांच्या मांसात उतरतं. रात्री माणूस आडवा झाला की तेच पाणी परत रक्तात येतं. हृदयाचे वरचे कप्पे त्याने ताणले जातात आणि एक संप्रेरक सोडतात. त्याचा निरोप असतो: मीठ आणि पाणी बाहेर टाका. हृदय हा रक्ताचा पंप, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण ते संप्रेरकही सोडतं, हे १९८१ साली कॅनडात अडोल्फो दे बोल्ड यांनी दाखवलं. त्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्या उंदरांची लघवी एकदम वाढली.

जोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसांतही हेच संप्रेरक वाढतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जो ताण येतो, त्याने तेच कप्पे ताणले जातात. म्हणजे "लघवीने झोप मोडली" असं वाटतं, पण आधी झोप मोडलेली असते ती श्वासाने. घरातलं कोणी रात्री घोरत घोरत मध्येच गप्प होत असेल आणि मग दचकून श्वास घेत असेल, तर डॉक्टरांना लघवीच्या आधी हे सांगा.

तर पायातलं पाणी संध्याकाळच्या आतच परतवायचं. दुपारी चारच्या सुमाराला तासभर आडवं पडायचं, पायाखाली दोन उशा किंवा गोधडीची गुंडाळी, पाय छातीपेक्षा वर. पाणी रक्तात येतं आणि लघवी झोपायच्या आधी होऊन जाते. पैसा लागत नाही, पण कापसाच्या दिवसांत चार वाजता बाजेवर पडायला कोणाचं मन तयार होत नाही, ही खरी अडचण. पाय का सुजतात हे मात्र तपासून घ्यायलाच हवं. हृदय, मूत्रपिंड, यकृत, यांपैकी काहीही कारण असू शकतं. मामांच्या बाबतीत ब्लडप्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन नावाची गोळीही होती. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. ती स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना पाय दाखवायचे. तसंच लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल, तर तिची वेळ बदलता येईल का हेही विचारायचं.

दुसरी गोष्ट मीठ. आमच्याकडे ताटात ठेचा, कैरीचं लोणचं, पापड आणि वरून ताकातली मिरची नसेल तर जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. जपानमध्ये नागासाकीच्या संशोधकांनी जास्त मीठ खाणाऱ्या ३२१ जणांना मीठ कमी करायला सांगितलं. त्यातल्या २२३ जणांना ते जमलं, त्यांचं मीठ दिवसाला १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं. त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. ज्या ९८ जणांचं मीठ उलट वाढलं, त्यांचं उठणंही वाढलं. २०१७ साली ही माहिती पुढे आली. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही, पण स्वयंपाकघरातल्या ज्या उपायामागे आकडे आहेत असा मला माहीत असलेला हाच. तोही काही खाण्याचा नाही, कमी खाण्याचा.

मग ओवा आणि तिळाचं काय? त्यांनी रात्रीची लघवी कमी होते, असं नीट तपासून सिद्ध झालेलं नाही. हिवाळ्यात मात्र त्यामागचा अनुभव समजण्यासारखा आहे. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत सरकतं, शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं आणि लघवी वाढते. अंगावर चांगली वाकळ घेतली, पायात मोजे घातले, तर तो भाग कमी होतो. मूठभर तिळाने कोणाचं वाईट होत नाही. गुळाने मात्र होतं, साखरेचा आजार असेल तर. धन्याचं पाणी, जवाचं पाणी, रात्रीचं ताक, टरबूज, हे उष्णता काढायला म्हणून संध्याकाळी घ्याल, तर रात्री त्याचा हिशेब द्यावा लागेल. चहाचंही तसंच. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. आणि मोहाची घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की दारू व्हॅसोप्रेसिनलाच दाबते.

पाणी तोडणं हा मात्र आमच्याकडचा सगळ्यात वाईट घरगुती उपाय. वेचणीला जाणाऱ्या बायका शेतात आडोसा नसतो म्हणून दिवसभर घोटभरच पितात आणि घरी आल्यावर दोन तांबे एकदम. ते पाणी पुढच्या तीन-चार तासांत बाहेर पडायला बघतं, म्हणजे ऐन झोपेत. एकूण पाणी कमी करायचं नाही, दिवसाकडे सरकवायचं. चंद्रपूर-अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पाणी तोडणं म्हणजे मुतखड्याला आमंत्रण.

त्याच गल्लीतल्या एका काकूंनी बाटली मागून नेली. त्यांचे आकडे अगदी वेगळे निघाले: दर वेळी ६०-८० मिलि, दिवसाही आणि रात्रीही. ही पिशवीची तक्रार. जंतुसंसर्ग, पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी होणं, जुनी बद्धकोष्ठता, मूत्राशयाची उगीच घाई, यांपैकी काहीही. संसर्ग नाही हे तपासून झाल्यावर दिवसा घाई लागली की दहा मिनिटं रोखायची, मग पंधरा, असं हळूहळू वाढवत नेणं आणि ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, हे घरी करता येतं. पुरुषांत थोडी-थोडी आणि कमी धारेची लघवी असेल तर मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी बघायला हवी. सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी पार अडकू शकते. आणि म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण अचानक ओलं व्हायला लागलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. पिशवी तुडुंब भरून वाहत असू शकते, आणि त्याने मूत्रपिंडं खराब होऊ शकतात.

आकडे रात्रीही जास्त आणि दिवसाही जास्त, वर सारखी तहान, असं असेल तर आधी साखर. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनी ओळखलेलं होतं. आता प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला टोचून मिनिटभरात कळतं, मुंग्यांची वाट बघायला नको.

विदर्भात आणखी एक कारण आहे, आणि ते पुण्या-मुंबईच्या आरोग्य-सदरांत सहसा येत नाही: सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा तांबड्या पेशींचा आजार. मूत्रपिंडाच्या सगळ्यात आतल्या भागात लघवी घट्ट केली जाते. तिथे प्राणवायू कमी आणि मिठाचं प्रमाण जास्त असतं. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व्हायला यापेक्षा सोयीची जागा नाही. पेशी वाकतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अडतात, आणि मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणापासूनच जात राहते. असा मुलगा तहानलेला असला तरी लघवी पातळच होते. तो रात्री उठतो, नाहीतर आठ-दहा वर्षांचा होऊनही अंथरूण ओलं करतो, आणि घरचे त्याला रागावतात, संध्याकाळपासून पाणी बंद करतात. सिकलसेलच्या रुग्णाचं पाणी तोडलं तर रक्त घट्ट होऊन असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. ज्यांना स्वतःला आजार नाही पण तो मुलांत जाऊ शकतो, अशा वाहकांमध्येही लघवी घट्ट न होण्याचा हा दोष काही प्रमाणात दिसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या घरांत मूल असं करत असेल, तर तीळ चारण्याआधी त्याची सिकलसेल तपासणी झाली आहे का ते बघा. त्याला खाटेजवळ बादली द्या, आणि तांब्याभर पाणीही.

लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, लघवी अजिबात न होणं, आडवं पडल्यावर दम लागणं, यांपैकी काही असेल तर बाटली बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

मामांची गोळी डॉक्टरांनी बदलली. पापड आणि मिरची सणावारी आली, लोणच्यावर मात्र तडजोड झाली नाही. हौदाजवळची फरशी घासून काढली आणि पायरीवर बल्ब लावला. रात्री पडून खुबा मोडणं हे लघवीपेक्षा मोठं संकट. मामा आता चारच्या सुमाराला पाय वर करून पडतात आणि रात्री एकदा, फार तर दोनदा उठतात. पारावर कोणी विचारलं तर सांगतात, तिळाने गुण आला. वेचणीच्या दिवसांत भर दुपारी पडून राहतो, हे चारचौघांत सांगायला त्यांना लाज वाटते.