चिकटपट्टीच्या बिजागरीवर उभं घर

मे महिन्यात सोलापुरात पत्र्याच्या शेडवर ब्राऊन टेपची एक पट्टी लावून बघा. सकाळी घट्ट बसलेली पट्टी दुपारपर्यंत जागेवरून सरकते, कडेने गोंद बाहेर येतो आणि त्यावर धूळ चढते. पट्टी तुटलेली नसते, तिच्या मागचा गोंद वाहिलेला असतो. घडी घालून नेता येईल असा निवारा चिकटपट्टीच्या भरवशावर उभा करायचा, तर आधी हे वाहणं समजून घ्यावं लागतं.

असे निवारे खरोखर उभे राहतात. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचं वाळवंट आहे, एका प्राचीन सरोवराचा सुकलेला सपाट तळ. तिथे उन्हाळा संपता संपता 'बर्निंग मॅन' हा मेळा भरतो आणि आठवडाभर मुक्कामाला आलेल्यांपैकी बरेच जण 'हेक्सायर्ट' नावाच्या षटकोनी घरात राहतात. विनय गुप्ता यांनी ही रचना मांडली आणि कोणालाही करता यावी म्हणून खुली ठेवली. आत खांब नाही, कुठे खिळा नाही. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेले फोमचे बोर्ड, सहा इंच रुंद चिकटपट्टी आणि वाऱ्यासाठी ताणाचे दोर, एवढंच सामान.

हिशेब फार देखणा आहे. ८ फूट बाय ४ फूट मापाचे १२ बोर्ड घ्यायचे. सहा बोर्ड लांब कडेवर उभे केले की ४ फूट उंचीच्या सहा भिंती झाल्या. उरलेले सहा कर्णावर कापायचे. प्रत्येकाचे दोन काटकोन त्रिकोण होतात. त्यांतला एक उलटा करून दुसऱ्याला जोडला की ८ फूट पायाचा आणि ८ फूट उंचीचा मोठा त्रिकोण मिळतो. असे सहा त्रिकोण म्हणजे छप्पर. षटकोनाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर ६.९३ फूट भरतं. त्याचा वर्ग ४८, आठाचा वर्ग ६४, फरक १६, म्हणजे छपराचं टोक भिंतीच्या बरोबर ४ फूट वर. आत १६६ चौरस फूट जागा, मधोमध ८ फूट उंची आणि बोर्डाचा एक तुकडाही वाया नाही. शाळेत पायथागोरस शिकवताना हे घर पुठ्ठ्यात करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता यात गोंदाचं काम काय? छप्पर स्वतःच्या वजनाने भिंतींचे माथे बाहेर ढकलतं. त्या माथ्यांभोवती कड्यासारखी फिरलेली पट्टी हा रेटा धरून ठेवते. वाऱ्याचा भार वेगळाच. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर या घराच्या एका बाजूवर ढोबळमानाने दीडशे किलोचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. वळवाच्या पावसाआधीची वावटळ ज्याने अनुभवली आहे, त्याला हे आकडे वेगळे समजावून सांगायला नकोत. म्हणून दोर आणि जमिनीत ठोकलेले खुंट हवेतच.

पट्टीवर जोर दोन प्रकारे येतो. तिच्या पातळीत सरळ ओढलं तर चिकटलेला सगळा भाग एकदम भार घेतो. टोक धरून उचललं तर सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि ती रेषा पुढे सरकत जाते. साध्या टेपची इंचभर रुंद पट्टी सोलायला एक-दीड किलोचा जोर पुरतो. तीच पट्टी चार-सहा इंच चिकटवून सरळ ओढली तर बहुधा टेप आधी तुटते. हेक्सायर्टच्या पट्टीत उभे-आडवे काचेचे धागे असतात. ताण धागे घेतात, गोंद तो ताण फक्त बोर्डापर्यंत पोचवतो. प्रत्येक सांध्यावर पट्टी ओढली जाईल, पण सोलली जाणार नाही, अशी मांडणी केली की निम्मं काम झालं.

टेपवरचा गोंद फेविकॉलसारखा वाळत नाही. तो कायम अर्धा घन, अर्धा द्रव राहतो, आणि त्यातच त्याची खुबी आहे. पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरण्याइतका तो मऊ हवा, कारण रेणूंमधलं आकर्षण नॅनोमीटरच्या अंतरावरच काम करतं. थ्रीएम कंपनीतले शास्त्रज्ञ कार्ल डाल्क्विस्ट यांनी या मऊपणाची मर्यादा आकड्यांत बांधली. गोंदाचा ताठरपणा साधारण ३ लाख पास्कलच्या (पास्कल हे दाब आणि ताठरपणा मोजायचं एकक) वर गेला की तो नुसत्या बोटाच्या दाबाने चिकटत नाही. पण हाच मऊपणा उन्हात उलटतो. थंडीत घट्ट असलेली काकवी तापवल्यावर जशी धावते, तसा गोंद तापमानाबरोबर पातळ होतो आणि सतत भार असेल तर हळूहळू सरकतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते. सगळं ऊन छपरावर. हवा ४२-४३ अंशांची असताना पत्रा किंवा गडद प्लास्टिक साठीच्या पुढे सहज जातं. नेवाडात मेळ्याच्या दिवसांत भरदुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५८ अंश वर चढतो. तेव्हा तिथला अनुभव जसाच्या तसा इथे आणता येत नाही.

मग कोणती पट्टी घ्यावी? रबराचा गोंद लगेच पकडतो, प्लास्टिकवरही पकडतो, पण ऊन आणि प्राणवायू त्याला पिवळा, चिकचिकीत आणि शेवटी ठिसूळ करतात. ॲक्रिलिक गोंद उन्हाला चांगला टिकतो, मात्र त्याला वेळ लागतो. पकड पूर्ण यायला साधारण तीन दिवस जातात. शिवाय पॉलिप्रॉपिलीनसारख्या कमी पृष्ठऊर्जेच्या, म्हणजे गोंदाला सहज धरू न देणाऱ्या प्लास्टिकवर तो नीट पसरतच नाही. जाहिरातीच्या फलकांचं सनपॅक याच प्लास्टिकचं. फुकटात मिळतं म्हणून त्याचं घर करायला घेतलं, तर पट्ट्या सुटण्याचं हे मोठं कारण असतं. ॲल्युमिनियमचा स्वच्छ थर गोंदाला कितीतरी अनुकूल. थर्माकोलची अडचण निराळी. टोल्युइनसारखं द्रावक असलेला पिवळा गोंद त्यावर लावला की थर्माकोलच विरघळून खड्डा पडतो.

आणि धूळ. ब्लॅक रॉकची धूळ पिठासारखी बारीक आणि क्षारीय, आपल्या काळ्या मातीची उन्हाळी धूळही काही कमी नाही. गोंद आणि बोर्ड यांच्यामध्ये ती आली की पट्टी बोर्डाला चिकटतच नाही, धुळीला चिकटते. माझ्या मते घडीच्या घराचा सर्वांत मोठा गुण इथे दिसतो. लोक म्हणतात घडी घातली की गाडीत जागा वाचते. खरंच आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की गोंदकाम माळावर करावं लागत नाही. बोर्ड जोडणाऱ्या पट्टीच्या बिजागऱ्या घरी, बंद खोलीत, स्पिरिटने पुसलेल्या बोर्डावर, रूळ फिरवून दाबत करता येतात आणि तीन दिवस मुरू देता येतात. मुक्कामावर फक्त उलगडायचं आणि दोर ताणायचे.

बिजागरीत एक मेख आहे. दोन बोर्ड कडेला कड लावून वरून पट्टी लावली तर ते फक्त पट्टीच्या बाजूला मिटतात. उलट बाजूला मिटायला हवे असतील तर मध्ये दोन बोर्डांच्या जाडीइतकी पट्टी मोकळी सोडावी लागते. एक इंची बोर्ड असेल तर दोन इंच. त्या मोकळ्या भागाच्या चिकट बाजूवर आतून दुसरी पट्टी लावून तो झाकायचा, नाहीतर पहिल्याच दिवशी तो धुळीने भरतो.

खर्च करण्याआधी गच्चीवर एक प्रयोग करावा. बोर्डाच्या तुकड्यावर पट्टीचं इंचभर टोक चिकटवा, खाली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली टांगा, टोकाच्या कडेला पेनाने रेघ मारा. एक तुकडा सावलीत, एक उन्हात. रेघेपासून पट्टी किती सरकली ते दर तासाला मोजा. जी टेप मेच्या दुपारी सरकत नाही, ती घ्या. बिजागऱ्यांवर वरून पांढरा रंग दिला तर ऊन परतवलं जातं आणि गोंद थंड राहतो.

हे घर कुणासाठी, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आषाढीला पंढरपुरात चार दिवस पडणाऱ्या राहुट्यांना ते शोभेल, फक्त पावसात ओल्या बोर्डावर पट्टी धरत नाही, म्हणून तिथे एकही सांधा जागेवर चिकटवायचा ठेवू नये. दोर आणि आयलेट (दोर ओवायची धातूची कडी बसवलेली भोकं) वापरावेत. ऊसतोड कामगारांच्या कोपीला पर्याय म्हणून मात्र मी ते सुचवणार नाही. हंगाम काही महिन्यांचा, गोंदावर भार अखंड, आणि चूल दाराशी. फोम पेटला की विषारी धूर काही क्षणांत आत भरतो. तिथे न जळणारा पत्रा, नटबोल्ट आणि धूर जायला वर मोकळी जागा हवी.