नाशिकमध्ये पाळणाघर काढताना: खेळाच्या जागेवरून अर्ज का परत येतो?

पाळणाघराची फाइल बहुतेक वेळा खेळाच्या जागेपाशी अडकते. अंगण प्रशस्त असते, झोपाळाही टांगलेला असतो, परंतु मंजूर नकाशात तीच जागा वाहनतळ म्हणून दाखवलेली असते आणि तपासणीस आलेला अधिकारी नकाशाप्रमाणेच मोजतो. सिडको वसाहतीतील वाढवलेल्या घरांची अडचण तर याहून मोठी आहे, कारण जी खोली खेळघर म्हणून दाखवायची ती मूळ नकाशात असतेच असे नाही.

सातपूर किंवा अंबड या औद्योगिक वसाहतींमधील ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेसाठी पाळणाघर चालवायचे असल्यास केंद्राची २०१८ ची किमान मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवावीत. त्यांत दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. वीस मुलांना २४० चौरस फूट हा हिशेब सोपा वाटतो, पण कपाटे, ओटा आणि स्वच्छतागृह धरून तो जुळवलेला असेल तर टेप लागताच जागा कमी भरते. तीन वर्षांखालील मुले वेगळी मोजावीत. रांगणाऱ्या मुलांना धावणाऱ्यांपासून निदान कठड्याने तरी वेगळे ठेवावे लागते.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, हा कागद भाडेकरूकडे जवळजवळ कधीच नसतो. घरमालक ‘देतो, देतो’ म्हणतात आणि भाडेकरार होऊन गेल्यावर तो सापडत नाही. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीच त्याची व मंजूर नकाशाची प्रत मागावी. मालकाकडे नसल्यास महापालिकेच्या नगररचना विभागात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे, हे लक्षात घेऊनच जूनचा मुहूर्त ठरवावा. वीसपेक्षा कमी कामगार असल्यास दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ सूचना द्यायची असते. तिच्या पोचपावतीलाच परवानगी समजून चौकट करून भिंतीवर लावणारे मी पाहिले आहेत. जागेच्या वापराशी त्या पावतीचा काहीही संबंध नाही.

अग्निसुरक्षेची यंत्रणा बंधनकारक असलेल्या इमारतीत ‘नमुना ब’ (ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला) दरवर्षी जानेवारी आणि जुलै असा दोनदा द्यावा लागतो. पहिल्या दाखल्याच्या तारखेपासून वर्ष मोजणारे हमखास चुकतात. कर्मचाऱ्यांची पोलीस चारित्र्य पडताळणी, ओळखपत्रे आणि छायाचित्रे यांत फारसे अडत नाही.

अंगणाचा आराखडा जोडताना जमिनीखालची पाण्याची टाकी लपवू नये, हे मात्र कळकळीने सांगतो. एका अर्जात टाकीच्या पत्र्याच्या झाकणावर सतरंजी अंथरून ‘गोष्टींचा कोपरा’ दाखवला होता. तपासणीत सतरंजी उचलली गेली आणि फाइल त्याच दिवशी परत आली. तेथे कुलपाचे जड झाकण व भोवती कठडा आधी बसवावा, कुंपणाची कण्हेर विषारी असल्याने काढून टाकावी, वाळूच्या हौदात मांजरे शिरू नयेत म्हणून झाकण करावे, आणि पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये. चैत्रातल्या दुपारी तिला नुसता हात लावून पाहावा आणि मगच नकाशात तिची जागा ठरवावी.