दोन सूर्यांचा ग्रह म्हणजे नक्की कुठला?

‘दोन सूर्य असलेला ग्रह’ म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं: क्षितिजावर शेजारी शेजारी मावळणारे दोन सूर्य. पण द्वैती ताऱ्यांभोवतीच्या, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतल्या, बहुतेक ग्रहांवर असं काही दिसत नसणार. कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या व्यवस्था येतात. ग्रह जोडीतल्या एकाच ताऱ्याभोवती फिरत असेल तर तो एस-प्रकारचा, दोघांना मिळून प्रदक्षिणा घालत असेल तर पी-प्रकारचा.

पी-प्रकाराचा नमुना म्हणजे हंस तारकासमूहातला केप्लर-१६बी, २०११ मध्ये जाहीर झालेला. त्याचे दोन तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात, आणि शनीएवढा हा ग्रह दोघांभोवती सुमारे २२९ दिवसांत. त्याच्या आकाशात दोन्ही सूर्य कायम जवळजवळच. फार लांब गेले, तरी हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढं अंतर. डोळ्यांसमोर येतं ते चित्र इथलं.

एस-प्रकारात गंमत वेगळी आहे. वृषपर्वा समूहातल्या गॅमा सेफेईचा ग्रह मुख्य ताऱ्याभोवती साधारण अडीच वर्षांत फिरतो. दुसरा तारा पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळपास वीसपट दूर, म्हणजे आपल्याकडे युरेनस आहे तिथे. तिथून तो सूर्य वाटणार नाही, डोळे दिपवणारा एक ठिपका वाटेल. ठिपका म्हणून त्याला कमी लेखू नका. मित्र (अल्फा सेंटॉरी) या जोडीतल्या मोठ्या ताऱ्याजवळ पृथ्वीसारखा ग्रह आहे असं समजा. धाकटा तारा सर्वांत दूर असतानाही त्याचा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या शंभरपटीहून जास्त पडेल. वर्षातले काही महिने तो रात्री डोक्यावर असणार, म्हणजे तेव्हा खरा अंधार नाहीच.

मधली जागा मात्र कुणालाच लाभत नाही. दोन तारे सारख्या वजनाचे आणि वर्तुळाकार कक्षेत असतील, तर एस-प्रकारच्या ग्रहाला त्यांच्यातल्या अंतराच्या साधारण पावपटीच्या आत राहावं लागतं, पी-प्रकारच्याला दुपटीहून बरंच बाहेर. मध्ये सापडलेला ग्रह दोघांच्या ओढाताणीत कधी ना कधी भिरकावला जातो किंवा एखाद्या ताऱ्यावर आदळतो. कक्षा लंबगोल असेल तर ही निषिद्ध पट्टी आणखी रुंदावते. म्हणून ताऱ्यांमधलं अंतर कळलं की कुठला प्रकार शक्य आहे याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

पी-प्रकारचे ग्रह शोधणाऱ्याचा घामही काढतात. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किंचित मंदावतो, तेच अधिक्रमण. पण इथे तारा स्वतःच जागा बदलत असल्यामुळे दोन अधिक्रमणांमधला काळ सारखा राहत नाही. केप्लर-१६बीची कक्षा तर हळूहळू डोलते. गणितानुसार २०१८ पासून त्याची अधिक्रमणं पृथ्वीवरून दिसेनाशी झाली, आणि ती पुन्हा दिसतील २०४२च्या सुमारास.